दोनशे अकरा फेऱ्यांची नोंद

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. वायर काढली की बंद पडतो. पण एकेकाळी सायकलच्या हँडलवर बसून मी वसईची निम्मी गावं पाहिली आहेत. मी एक मोबाइल आहे.

मी आधी आर्याचा होतो. नोकरीसाठी बंगळुरूला जाताना तिने नवा फोन घेतला आणि मला बोळिंजला, तिच्या बाबांकडे ठेवलं. बाबा, म्हणजे आत्माराम, नुकतेच निवृत्त झाले होते. सायकलच्या फेऱ्या नोंदवणारं एक ॲप तिने माझ्यात घातलं. "बाबा, निघताना हे बटण दाबायचं. तुम्ही कुठे आहात ते मला तिकडे नकाशावर दिसेल."

आम्ही सकाळी निघायचो. आगाशी, अर्नाळा, राजोडी, निर्मळ. गेलेल्या वाटेची मी निळी रेघ ओढायचो. घरी आल्यावर आत्माराम तिच्याखाली दोन ओळी लिहायचे. 'राजोडीला सुरूच्या बनात बसलो. परतताना समोरून वारा, दम लागला. लतिकासाठी सोनचाफा आणला.' लतिका म्हणजे त्यांची पत्नी. फेरीची नोंद पोचताच आर्याचा 'लाइक'चा अंगठा यायचा. सोसायटीतली माणसंही कौतुक करायची. मला फार अभिमान वाटे.

चौथ्या वर्षी काहीतरी बिघडलं. आत्माराम कालचाच मजकूर आज पुन्हा लिहू लागले. एकदा निर्मळला जाऊन आले आणि अर्नाळा लिहिलं. मला कळत होतं, पण सांगता येत नव्हतं. आर्याचा अंगठा मात्र नेहमीसारखा आला. कामाच्या घाईत तिने वाचलंच नव्हतं.

एका मंगळवारी आम्ही गास गावच्या वाड्यांत शिरलो आणि बाहेर पडता येईना. त्याच विहिरीवरून, त्याच क्रुसावरून पाच वेळा गेलो. रेघेवर रेघ चढली. ऊन तापलं. माझी बॅटरी नऊ टक्क्यांवर आली. तेवढ्यात आर्याचा फोन आला.

"बाबा, कुठे आहात?"

"घरी निघालोय."

"घर कुठल्या बाजूला आहे?"

आत्मारामांनी विहिरीकडे पाहिलं, मग क्रुसाकडे. "अगं, इथेच तर होतं…"

"बाबा, सायकलवरून उतरा. जवळ कोणी आहे का? त्यांना फोन द्या."

अंगणात मिरच्या वाळत घालणारी एक बाई आपणहून पुढे आली. तिने मला हातात घेतलं. "मी बर्था. मगापासून बघते, हे गोल गोल फिरतात. तू काळजी नको करू, पोरी. मी बसवते त्यांना." तिने पत्ता सांगितला आणि मी बंद पडलो.

पुढचं मी नंतर ऐकलं. लतिकाकाकू रिक्षाने पोचल्या, तेव्हा आत्माराम ओट्यावर चहा पीत होते. "तू इथे कशी?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला न्यायला आले," काकू म्हणाल्या. "चला."

डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला. सायकल कुणाला तरी देऊन टाकली. मी ड्रॉवरमध्ये पडलो. किती महिने गेले, मला माहीत नाही.

डिसेंबरात आर्या आली. तिने मला बाहेर काढून चार्ज केलं आणि जमिनीवर बसून सगळ्या दोनशे अकरा फेऱ्या वाचल्या. "आई, हे तेव्हाच दिसत होतं गं. मी नुसता अंगठा देत राहिले."

"तू तरी लांब होतीस," काकू म्हणाल्या. "मी याच घरात होते."

मग आर्याने बाबांना एक नोंद वाचून दाखवली. 'भुईगावला मोठी भरती. बांधावर थांबून राहिलो. शेजारी बगळेही थांबले होते.'

"कोणी लिहिलंय हे?"

"तुम्ही, बाबा."

त्यांनी थोडा विचार केला. "बरं लिहिलंय. त्याला म्हणावं, लिहीत जा."

आता रोज संध्याकाळी काकू एक फेरी वाचतात. संपल्या की पहिल्यापासून सुरू करतात. आत्मारामांना प्रत्येक फेरी नवी असते.

मित्रांनो, माझी काच पुसली नाही तरी चालेल. पण तुमच्या घरातलं कोणी आपली वाट तुम्हाला पाठवत असेल, तर ती नीट वाचा. फोन करून विचारा, आज कुठे थांबला होतात, काय पाहिलंत? त्यांना सांगता येतंय, तोवर विचारा.