लिंबाजीने डिझेल चोरलं नव्हतं

मित्रांनो, गंज चढला म्हणून मला भंगार समजू नका. मी पाण्याचा टँकर आहे आणि माझ्या ड्रायव्हरसाठी अजूनही भांडतो. उदगीरला माझ्या पाठीवर टाकी बसवली, तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. माझ्या दारावरचं उस्मानाबाद खरवडून पेंटरने लातूर लिहिलं. रंग नीट वाळायच्या आत दुष्काळाने मला कामाला जुंपलं.

माझा ड्रायव्हर लिंबाजी सकाळी माझ्या चारी बाजूंनी फिरून चाकं तपासायचा, मगच चावी लावायचा. विहिरी आटलेल्या एका वाडीला आम्ही दिवसाला चार खेपा करायचो. मी दिसलो की बाया घागरी घेऊन धावायच्या. मला फार अभिमान वाटायचा.

माझे मालक वीरभद्रअप्पा मोंढ्यातले व्यापारी. मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं, म्हणजे डिझेल वाचणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. मापाचे चांगले टायर काढून त्यांनी मला थोराड टायर चढवले. लिंबाजी नको म्हणत होता. त्याचं ऐकतो कोण?

त्या जड चाकांनी माझा जीव काढला. भरल्या टाकीनिशी चढ आला की मला खालच्या गिअरशिवाय हलता येईना, आणि डिझेल जास्त जाऊ लागलं. त्यात भर म्हणजे माझा मीटर चाकाच्या फेऱ्यांवरून किलोमीटर मोजतो. चाक मोठं, फेऱ्या कमी. म्हणून रस्ता होता त्याहून कमी दिसू लागला.

एके दिवशी अप्पा वाडीत आले. मीटर पाहिला, पाण्याच्या रांगेसमोर लिंबाजीला डिझेलचोर म्हणाले आणि चावी दे, उद्यापासून येऊ नकोस, म्हणून हात पुढे केला. मला तोंड असतं तर मी तिथेच त्यांना सुनावलं असतं.

लिंबाजीने चावी त्यांच्या हातावर ठेवली नाही. तो शांतपणे म्हणाला, "अप्पा, म्या थेंबबी इकला न्हाई. शेजारी बसा, रस्त्याचे दगड मोजा, मंग बोला."

अप्पा तावातावाने बसले. लातूरच्या रस्त्याला मी लागलो आणि ते बोटांवर दगड मोजू लागले. किलोमीटरचे तीस दगड मागे पडले, तेव्हा माझा मीटर अठ्ठावीसच दाखवत होता. अप्पांनी काच पुसून पुन्हा पाहिलं. मग मापाचे टायर परत घालू, उद्यापासून कामावर ये, असं ते पुटपुटले.

"येतो," लिंबाजी म्हणाला. "पण चोर म्हणलाव ते बायांसमोर. न्हाई म्हणायचं तेबी तितंच."

दुसऱ्या दिवशी पहिल्या खेपेला अप्पा माझ्या केबिनमधून उतरले. लिंबाजीने चोरी केली नाही, चूक माझी, असं खाली बघत म्हणाले. रांगेच्या शेवटून केवळाबाईचा आवाज आला, "अप्पा, मागं ऐकू आलं न्हाई."

अप्पांना ते पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. मगच बायांनी घागरी पुढे केल्या.

आता माझी टाकी गळते. माझा पत्रा खुशाल विका, मित्रांनो, मी रडणार नाही. पण गाडीला तिच्या मापाचेच टायर घाला, आणि कष्टाच्या माणसाला चोर म्हणण्याआधी खाली वाकून चाक बघा. मीटर चुकतो. लिंबाजी चुकला नव्हता.