शेवटची पायरी

सातवीत होते तेव्हा मला वाटायचं, चांगलं लिहिणं म्हणजे सजवणं. नदीला आरसा म्हणायचं, फुलांना हसवायचं, आणि गुरुजी वहीवर 'छान' लिहायचे. लग्न होऊन वैनगंगेकाठी कारध्याला आले, सासूबाईंजवळ बसून विड्या वळायला शिकले, तेव्हा ते सगळं हळूहळू नावडायला लागलं. पानाची जाड शीर काढली नाही तर विडी नीट वळत नाही. मी वाक्यातलीही काढायला लागले. पुढे ठरवलं, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. गुड्डी झाल्यापासून तर जीव थाऱ्यावरच नसतो. ती झोपली की नाकाशी बोट धरून पाहते, मग वहीत लिहिते, 'श्वास चालू आहे.'

पण मागच्या आठवड्यात एक न पाहिलेली ओळ आली. 'पिवळ्या फ्रॉकातली पोर एकाच पायात चप्पल घालून वैनगंगेच्या पायरीवर बसली होती. पाण्यात पायरी दिसत होती, पोर दिसत नव्हती.'

कुठेतरी जराशी अडत होती, तरी इतकी सरळ ओळ मला कधी जमली नव्हती. खोडवली नाही.

सोमवारी सासूबाईंनी शहापूरहून गुड्डीला फ्रॉक आणला. पिवळा.

"काहून वो, तोंड काहून पाडलं?"

"लाल नव्हता काय, आई?"

"तीन वर्साची पोरगी, तिले कायचा लाल न् कायचा पिवळा! तुयेच नखरे."

मी तो पेटीत सगळ्यात खाली दाबून ठेवला. बुधवारी गुड्डी तोच घालून अंगणात फिरत होती, पायात एकच चप्पल. दुसरी मी चुलीमागे, धानाच्या पोत्यांमागे, सगळीकडे शोधली. आज सकाळी तिला न्हाऊ घालायला गंगाळाजवळ बसले, ती माझ्या गालाला गाल लावून पाण्यात वाकली, खिदळली. आणि पाण्यात मी एकटीच दिसत होते.

तिला पुसून कपडे घातले आणि तशीच वहीकडे धावले. ओळ खोडायची, एवढंच; मग पोर माझी.

"काय लिहून राहिली वो?" सासूबाई ओसरीतून ओरडल्या. "पोरगी एकटीच घाटाकडे निंगाली, पाह्य ना!"

"आलीच, आई."

पेन टेकवला. खोडण्याआधी ओळ एकदा वाचली, आणि इतके दिवस ती कुठे अडत होती ते कळलं. 'पायरीवर'च्या आधी 'शेवटच्या' लिहिलं. बाहेर एका चपलेचा आवाज, मग अनवाणी पावलाचा, पुन्हा चपलेचा, दूर दूर जात होता.

मी ओळ मोठ्याने वाचून पाहिली. आता बरोबर वाटत होती.