खोड कापल्याबद्दल

अंगणातल्या निलगिरीच्या बुंध्यावर थाप मारली की ढोलासारखा आवाज यायचा. घड्याळजीनं त्याची धास्तीच घेतली होती. झाड कललं होतं ते नेमकं मागच्या खोलीवर, आणि त्या खोलीत त्याची थोरली बहीण राहायची.

जागा स्वतःची, झाड वडिलांनी लावलेलं. पण तोडायचं तर उद्यान खात्याची परवानगी हवी. त्यानं रीतसर अर्ज केला. तीन प्रती, जागेची कागदपत्रं, झाडाचे चारही बाजूंनी फोटो.

"लग्नात माझेसुद्धा एवढे फोटो काढले नव्हते," ताई म्हणाली.

दोन महिन्यांनी निरीक्षक उगवला. त्यानं बुंध्याला टेप लावली, मान वर करून पाहिलं.

"पाला तर हिरवागार आहे की!"

"साहेब, आतून पोकळ आहे. जरा ठोकून तर बघा."

"ठोकून बघायचा रकाना नाही फॉर्ममध्ये," म्हणत तो हसला.

अर्ज नामंजूर झाला. शेरा एका ओळीचा: झाड सुस्थितीत आहे.

पुढच्या खोलीत ये म्हणून त्यानं ताईची मनधरणी केली. "तुझ्या त्या दुरुस्तीच्या घड्याळांच्या टिकटिकाटात झोपू? त्यापेक्षा झाड परवडलं," म्हणून तिनं उडवून लावलं. त्यानंही फार ताणून धरलं नाही. हे त्याच्या मनाला पुढे जन्मभर खात राहिलं.

एका दुपारी वारा सुटला आणि झाड खोलीवर कोसळलं. अग्निशमन दलाची गाडी काही येईना. आतून ताईच्या हाका येत होत्या. मग त्याही थांबल्या. समोरचा सुतार करवत घेऊन धावला. दोघांनी मिळून खोड तीन ठिकाणी कापलं आणि तिला ओढून बाहेर काढलं. जीव वाचला. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच.

ताई इस्पितळातून घरी आली त्याच आठवड्यात नोटीस आली: विनापरवाना वृक्षतोड.

कार्यालयात तोच निरीक्षक बसला होता. "पडलेल्या झाडाचा आधी पंचनामा करायचा असतो. तुम्ही परस्पर खोड कापलंत."

"खाली माझी बहीण होती हो!"

"मग तसं खुलाशात लिहा."

घड्याळजीनं तिथंच बसून खुलासा लिहिला. खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला.

खुलासा मान्य झाला. पण एका झाडामागे पाच रोपं लावायची, असा नियम. त्याशिवाय खोली पुन्हा बांधायची परवानगी नाही. त्यानं मुकाट्यानं खड्डे खणले. रोपं खात्यानंच दिली. कसली, ते देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. निरीक्षक येऊन फोटो काढून गेला.

ताई पुढच्या खोलीतल्या खाटेवरून खिडकीबाहेर बघत होती.

"रोज पाणी घालणार यांना?"

"घालावं लागेल. सहा महिन्यांनी तपासायला येणार आहेत."

ताई म्हणाली, "माझी खाट तेवढी भिंतीकडे फिरव."

त्यानं फिरवली, आणि बादली उचलून तो अंगणात गेला.