बाहीचा कागद

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कुत्र्याच्या पिल्लाने कोटाच्या बाहीच्या कागदावर शू केली. शिंपीणबाईंनी गिऱ्हाइकाच्या मापाने बेतलेला तो कागद रात्री जमिनीवरच राहिला होता.

"याला तुमच्या बहिणीकडे परत सोडून या," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"अगं, आठवडाभर आपणच त्याला कागदावर करायला शिकवलं. रद्दी कुठली आणि तुझी बाही कुठली, हे त्याला काय कळणार?"

"तुम्हाला तरी कुठे कळतं?"

नवरा हसला. बाईही गालात हसल्या, पण मुदत त्यांनी घातलीच. रविवारपर्यंत पिल्लू बाहेर जायला शिकलं, तरच ते या घरात राहील.

नवऱ्याने तोच ओला कागद अंगणात नेऊन त्यावर दगड ठेवला. पिल्लाने तो हुंगला, दोन गिरक्या घेतल्या आणि काम उरकलं.

"शहाणं आहे हो," खिडकीतून बाई म्हणाल्या.

त्यानंतर दर खेपेला त्या स्वतः कात्री घेऊन अंगणात गेल्या आणि तो कागद थोडा थोडा कापत राहिल्या. शनिवारी संध्याकाळी तो तळहाताएवढा उरला होता. पिल्लू आता दाराशी जाऊन कुंईकुंई करतं. कागदाशिवाय मात्र त्याला अजून एकदाही जमलेलं नाही.