एका पोराला एक खूण

तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गात पटावर सव्वीस पोरं होती. रजिस्टरप्रमाणं हिंदू अकरा, लिंगायत सहा, बौद्ध पाच, मुस्लिम चार. पंखे दोन, त्यातला फिरणारा एक. आणि शिक्षणसेवक एक, महेश्वरी. बीएस्सी करून डीएड केलेली. तिची तीन वर्षं याच महिन्यात संपत होती. मूल्यमापनात तालुक्याहून तपासणीला येणाऱ्या साहेबांनी प्रत्येक बाबीला दहापैकी निदान पाच दिले, तर ती कायम. एकीत जरी कमी पडले, तर आणखी एक वर्ष तुटपुंज्या मानधनावर.

नेमका तेव्हाच वरून कागद आला : मुलांना ‘विविध श्रद्धांची ओळख’ करून द्या, आठ दिवसांत धर्मवार तक्ता भरून पाठवा. लोहाऱ्याच्या मीटिंगवरून जीपला लोंबकळत आलेले मुख्याध्यापक राजशेखर गुरुजी म्हणाले, “बाई, लई खोलात शिरू नका. रजिस्टर बघायचं, एका पोराला एक खूण करायची. झालं.”

पण मोजल्याशिवाय लिहायचं हे महेश्वरीच्या जिवावर येई. तिनं पोरांना घरी विचारून यायला सांगितलं, आपली माणसं कुठंकुठं हात जोडतात? दुसऱ्या दिवशी सव्वीस पोरांनी एकसष्ट ठिकाणं आणली. अणदूरच्या खंडोबाला जाणारी घरं चौदा. वेशीजवळच्या दर्ग्याला अकरा, आणि मुस्लिम पोरं तर चारच! गळ्यात लिंग घालणारी दोघं दर गुरुवारी दर्ग्यातली साखर खाऊन येत. एकानं बापाचा ट्रॅक्टर लिहिला होता, दसऱ्याला हार घालतात म्हणून. महेश्वरीनं तोही मोजला.

गुरुजींनी कपाळावर हात मारला. “अवो, तक्त्यात सव्वीस खुणांची जागा. एकसष्ट कुठं कोंबू?”

“तक्ता चुकलाय, गुरुजी.”

“तक्ता जिल्ह्यावरनं आलाय. तो चुकत न्हाय. पोरं चुकली असतील.”

त्यांनी रजिस्टर बघून सव्वीस खुणा केल्या आणि उरलेले सहा दिवस श्रद्धांची ओळख स्वतः करून दिली. म्हणजे ते “सगळे धर्म स…” म्हणून थांबायचे आणि पोरं “मान!” म्हणून छप्पर उचलायची. सहाव्या दिवशी भिंतीपलीकडची पहिलीसुद्धा ओरडू लागली.

साहेब तपासणीला आले, चहा घेऊन वर्गात शिरले.

“सगळे धर्म स…”

“मान!”

साहेब खूश. तेवढ्यावर थांबावं की नाही! पण म्हणाले, “शाब्बास! कुणाला काही शंका?”

चौथीतली सृष्टी उभी राहिली. “साहेब, तुमी कुठंकुठं जाता?”

“मी? आमच्या गावच्या मंदिरात.”

“दर्ग्यात?”

“नाही.”

“विहारात?”

“नाही, बाळ.”

“मग समान हायत हे तुमाला कसं कळलं?”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी गुरुजींकडं बघितलं, गुरुजींनी महेश्वरीकडं.

“हे तुम्ही शिकवलंत, बाई?”

गुरुजी मागून मान हलवत होते, ‘न्हाय म्हणा, न्हाय म्हणा.’

“प्रश्न तिचा आहे, साहेब. विचारून बघायचं, मोजायचं, ते मी शिकवलं,” महेश्वरी म्हणाली आणि एकसष्ट ठिकाणांचा कागद तिनं पुढं केला.

साहेबांचं बोट यादीवरून खाली येत ट्रॅक्टरवर अडलं. “हा कुठला धर्म?”

“आमचाय, साहेब,” एक पोरगं अभिमानानं म्हणालं. “नवाय.”

साहेबांनी कागदाची घडी घातली आणि गुरुजींचा तक्ता फाईलला लावला.

आठवड्यानं निकाल आला. शाळा : श्रद्धांची ओळख झालेले विद्यार्थी, शंभर टक्के. महेश्वरी : विषयज्ञान, दहापैकी आठ. वर्गनियंत्रण, सहा. सूचनांचं पालन, तीन.