निळ्या चिंधीचा डबा

सगुणाबाईंनी डबा काउंटरवर ठेवला, पदराने मानेवरचा घाम टिपला आणि शुभंकरने हात लावायच्या आत झाकण स्वतःच उघडून दाखवलं.

"आलं!" शुभंकर म्हणाला. "भातावर तुळशीचं पान आलंच. अगो आई, एक दिवस तरी विसर. माझ्या पोटात एव्हाना वृंदावन झालं असेल."

"झालं तर बरंच. तुझ्याभोवती फिरले तरी प्रदक्षिणा घडेल."

"नि मी जेवलोय. मित्र आले होते, मिसळ खाल्ली. ईशाला फोन केला, तर म्हणाली, त्या केव्हाच निघाल्या. मिरजोळ्याहून उन्हातान्हात रोज कशाला येतेस गो? हॉटेलं काय थोडी आहेत?"

सगुणाबाईंनी झाकण लावलं. सून ईशा म्हणायची, सासूबाई डबा द्यायला जात नाहीत, स्टँड बघायला जातात. म्हणायची हसून, पण खोटं नव्हतं ते.

"बस आता जरा," शुभंकरने मोटरसायकलची किल्ली उचलली. "मी माल घेऊन येतो. भाव सगळ्यांच्या पाठी लिहिलेत."

मोबाईलची कव्हरं, चार्जर, कानात घालायच्या वायरी. सगुणाबाई त्या झगमगाटात स्टुलावर बसल्या आणि समोर बघू लागल्या. समोर नवं स्टँड होतं. काचा, स्टीलची बाकं, वर पळणारी लाल अक्षरं. गाड्यांची नावं सांगणारी बाई कुठल्याशा यंत्रात बसून बोलायची. आवाज गोड, पण कधी खोकत नसे. जुन्या स्टँडातला कंट्रोलर आधी खोकायचा, मग घसा साफ करायचा, मग "जयगऽऽड" म्हणायचा. आणि त्या खोकल्यावरच अर्धी माणसं बोचकी उचलायची.

या गाळ्यापासून चार दुकानं सोडून त्यांचं दुकान होतं. भिकाजींचं, त्यांच्या नवऱ्याचं. केळीचे घड टांगलेले, बरणीत लिमलेटच्या गोळ्या, खाली नारळ, कोपऱ्यात उदबत्त्या. एका अंगाला चपला शिवणारा, दुसऱ्या अंगाला उसाच्या रसाचा चरक, त्याचे घुंगरू दिवसभर वाजायचे. पलीकडे फोटो काढणारा. त्याच्या पडद्यावरचा ताजमहाल दमट हवेने फुगलेला. सगळं गेलं. चरकवाला मुलाकडे गेला, फोटोवाला देवाकडे. भिकाजीही तिकडेच.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एक फळी होती. डब्यांची. आसपासच्या गावांतली पोरं शिकायला रत्नागिरीत राहायची आणि त्यांच्या आया पहिल्या गाडीने डबे धाडायच्या. कंडक्टर ते भिकाजींच्या फळीवर आणून ठेवायचा, पोरं दुपारी घेऊन जायची, रिकामे डबे संध्याकाळच्या गाडीने परत. ज्या आयांना नाव लिहिता येत नसे त्यांनी कडीला चिंधी बांधलेली असायची. कुणाची हिरवी, कुणाची काठाची. सगुणाबाईंना माणसांपेक्षा चिंध्याच जास्त ओळखू यायच्या.

"मावशी, चार्जर मिळेल?"

पन्नाशीचा माणूस होता. उन्हाने रापलेला, समुद्रावर राहणाऱ्यांची असते तशी बारीक नजर, केसांवर मीठ सांडलेलं. खांद्याला पिशवी. चार्जर हातात घेऊन तो बघत मात्र होता भलतीकडेच.

"हयसर कुठेतरी भिकाजीशेटचं दुकान होतं ना? केळ्यांचं?"

सगुणाबाईंचा हात काउंटरवर थांबला. "तू कोण?"

"मी डबा न्यायला यायचो. जयगडचा."

"जयगडचे पुष्कळ होते."

"निळी चिंधी," तो म्हणाला.

त्या स्टुलावरून उठल्याच. "सखूचा संदेश! अरे, मेल्या, केवढा झालास! केस कुठे पिकवलेस?"

"बोटीवर. मावशी, तुम्ही? मी तुम्हाला ओळखलंच नाही."

"कशाला ओळखशील? मी तरी कुठे ओळखते आरशात! बस, ते स्टूल ओढ. सखू बरी आहे ना?"

त्याने स्टूल ओढलं. बसला. "उद्या वर्षश्राद्ध तिचं. त्यासाठीच चाललोय."

काउंटरवरची धूळ सगुणाबाईंनी तळव्याने पुसली, जिथे धूळ नव्हती तिथलीही.

कंडक्टर रामा आधीच गेला होता, आता सखूही गेली. म्हणजे आता ती गोष्ट ठाऊक असलेलं आपल्याशिवाय कुणीच उरलं नाही.

माघ महिना होता तो, असाच. संदेश बारावीला. एका सकाळी कंडक्टर रामा रिकाम्या हाताने आला. "वैनी, सखूबाय विहिरीच्या पायरीवर पडली. उजवा हात मोडला. म्हणाली, पोराला सांगू नका, पुस्तकं टाकून धावत येईल. डब्याचं तेवढं सगुणाला बघ म्हणावं." आदल्या दिवशीचा रिकामा डबा फळीवरच राहिला होता. सगुणाबाईंनी तो घासला, घरी गेल्या, भात टाकला. त्या देशाकडच्या, त्यांची आमटी चिंचेची. पण सखूची कोकमाची म्हणून त्यांनी कोकम आणलं, खोबरं वाटलं, दोनदा चव घेतली, आणि सवयीने आधी देवाला दाखवून मग डबा भरला. परीक्षा संपेपर्यंत रोज. पोराला पत्ता लागू दिला नाही. सखूचा हात जुळला, संदेश परस्पर मुंबईला बोटीच्या नोकरीवर गेला, सखूने एकदा सुके बांगडे घेऊन येऊन त्यांचे हात घट्ट धरले, आणि विषय मिटला.

"मावशी, तुम्ही मला रोज विचारायचात, आठवतं?" संदेश म्हणाला. "पुढे काय झालं रे?"

त्या हसल्या. देवळातलं कीर्तन कर्ण्यावरून दुकानापर्यंत यायचं. पण पूर्वरंग संपून बुवा आख्यानाला लागले, की नेमकी कोल्हापूरची गाडी लागायची आणि गिऱ्हाइकांची झुंबड उडायची. सगळा उत्तररंग भोंग्यात नि केळ्यांच्या डझनांत जायचा. संदेश देवळामागच्या खोलीत राहायचा. मग दुसऱ्या दिवशी डबा न्यायला आला की राहिलेली गोष्ट तो सांगायचा.

"विदुराची बायको आठवते मला तुझी," त्या म्हणाल्या. "तू कसा हातवारे करून सांगितलंस! देव दारात आला म्हणून बाई भांबावली, केळं सोलून गर टाकला नि सालं देवाच्या हातावर ठेवली."

"आणि तुम्ही विचारलंत, तिला कळलं का?"

"तू म्हणालास, देवाने कळू दिलंच नाही. गोड आहेत म्हणाला नि आणखी मागितली." त्या थांबल्या. "आणि जाता जाता म्हणालास, मावशी, आईला निरोप द्या, उद्यापासून भात थोडा जास्त घाल. अभ्यासाने भूक लागायची तुला."

"लागायची," संदेश म्हणाला. "त्याच जेवणावर बारावी झालो मी."

शब्द ओठांवर आले होते. एवढी वर्षं झाली, सखू नाही, भिकाजी नाहीत, दुकान नाही, फळी नाही. कुणीतरी एकदा म्हणावं, सगुणा, आमटी छान झाली होती हो. एवढंच. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. उद्या आईचं पान वाढायला निघालेला मुलगा.

"सखूच्या हाताला चवच होती तशी," त्या म्हणाल्या.

संदेशने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "होती," म्हणाला.

"जेवलास?"

"गाडीला वेळ आहे. खाईन काहीतरी."

"काहीतरी कशाला? शुभंकर मिसळ हादडून बसलाय, हा डबा काय परत मिरजोळ्याला नेऊ? स्टँडावरून आलेला माणूस माझ्या दारातून उपाशी गेला नाही कधी. हात धू."

त्याने बाहेरच्या नळावर हात धुतले. सगुणाबाईंनी झाकण काढलं. भातावरचं पान तसंच होतं, उबेने जरा मलूल झालेलं. ते बाजूला करायला त्यांनी बोट पुढे केलं, पण संदेशने ते आधीच उचललं होतं. कपाळाला लावलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटून चावलं. मगच आमटी भातावर ओतली.

"सवयीने राहतं ते," सगुणाबाई म्हणाल्या. "लोक काढून टाकतात."

"तेव्हापण राहायचं." त्याने घास केला. "आईच्या डब्यात नसायचं कधी. तिला देवापुढे उभं राहायला सवड कुठे होती, पहिली गाडी गाठायची असायची."

सगुणाबाईंचा हात झाकणावर तसाच राहिला. समोर यंत्रातली बाई कुठल्याशा गाडीचं नाव सांगत होती. संदेश खाली मान घालून जेवत होता, शीतही न सांडता.

"म्हणजे तुला..."

"आमटी छान झालीय, मावशी," तो म्हणाला. "भात आणखी आहे?"

भात होता. त्यांनी सगळा वाढला.

जेवण झाल्यावर डबा त्याने स्वतःच नळावर घासला, पंच्याने कोरडा केला. पिशवीतून कागदाची पुडी काढून आत ठेवली आणि झाकण लावलं. डबा रिकामा परत करायचा नाही, ही त्याची तेव्हाचीही रीत होती. त्या माघात रिकाम्या डब्यात कीर्तनाच्या खिरापतीची पुडी असायची. खोबरं आणि साखर. सगुणाबाई ती तशीच्या तशी रामाच्या हाती द्यायच्या. पोराने आईसाठी देवाचं धाडलंय, आपण कशी खावी? सखूला दे, म्हणायच्या.

"काल उतरल्या उतरल्या देवळात गेलो होतो," संदेश म्हणाला. जयगडची गाडी लागली होती. त्याने वाकून नमस्कार केला, पिशवी खांद्याला अडकवली. "ही खिरापत तरी आता जयगडला पाठवू नका."

तो रस्ता ओलांडून गेला. गाडी वळली, धूळ उडाली, बसली.

चार्जर काउंटरवरच राहिला होता. शुभंकर परतला तेव्हा सगुणाबाई पुडी मांडीवर उघडून बसल्या होत्या.

"कोण आलं होतं? खिरापत? बघू," म्हणत त्याने हात पुढे केला.

लेकराला आधी, नवऱ्याला आधी, दारात आलेल्याला आधी. सगुणाबाईंची बोटं पुडीकडे गेली आणि तिथेच थांबली.

"थांब जरा," त्या म्हणाल्या आणि पहिली चिमूट स्वतःच्या तोंडात घातली.