थांब्यावरचा आवाज मागे घेताना

तक्रार एकाच प्रवाशाची, पण साहेबांनी ऑफिस डोक्यावर घेतलं. बसथांब्यावर कुठली बस आली ते बोलून सांगणारा आवाज ताईने महिनाभर खपून बससेवेच्या प्रोग्रॅममध्ये घातला होता. घरी ती धाकट्या भावाची ताई, म्हणून ऑफिसातही सगळ्यांची ताईच. तक्रार काय, तर आवाज उशिरा येतो, तोवर बस निघून गेलेली असते.

“शक्यच नाही!” ताई फणकारली. “माझा भाऊ रोज त्याच्याच भरवशावर बसमध्ये चढतो. त्याला दिसत नाही. मस्त चाललंय म्हणतो.”

“ताई, तुमचा भाऊ राहू द्या बाजूला. आजच्या आज पुसून टाका. नामोनिशाण नको.”

पुसून टाका म्हणे! फळ्यावरची बेरीज आहे का ही? सगळ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम एकाच सामाईक साठ्यात जमा होत होता, आणि ताईच्या बदलावर बाकीच्यांनी आपापले बदल रचून ठेवले होते. मधली वीट उपसली की त्यांचंही काम कोसळणार. हे साहेबांच्या गळी उतरवताना तिच्या नाकी नऊ आले. शेवटी ठरलं, तिने उलटा बदल जमा करायचा, आधी घातलेलं काढून घेणारा. आवाज बंद होईल, पण तो घातल्याची नोंद साठ्याच्या इतिहासात राहील आणि काढल्याचीही. दोन्हींवर नाव तिचंच.

एका ओळीची कमांड. ती लिहून ताई नुसती बसून राहिली. बोट काही खाली येईना. भाऊ पहिल्यांदा कोणाला न विचारता बसमध्ये चढला, त्या संध्याकाळी दोघं किती हसली होती! आता पुन्हा ‘अहो, ही कुठली बस?’ मग तिने बटण दाबलं.

सुटल्यावर ती भावाच्या थांब्यावर गेली. तो काठी टेकून उभा होता.

“आवाज मी बंद केला रे,” ती म्हणाली. “कोणा मेल्याने तक्रार केली. सापडू दे, चांगली हजेरी घेते त्याची!”

“घे,” भाऊ म्हणाला. “तो मेला मीच.”

ताई गर्रकन त्याच्याकडे वळली.

“बऱ्याचदा आवाज यायचा तेव्हा दार बंद झालेलं असायचं,” तो म्हणाला. “ रोज एखादी बस चुकायचीच.”

“मग मला मस्त चाललंय का सांगत होतास?”

“तू इतकी खूश होतीस. तोंडावर कसं सांगू?”

ताई खरं तर चिडणार होती, पण तिला रडूच आलं. रोज रात्री ती त्याला ‘आवडला ना आवाज?’ एवढंच विचारायची. वेळेवर पोचलास का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

“कायमचा पुसलास का गं?” त्याने चाचरत विचारलं.

“नाही रे. आहे तिथेच आहे. रद्द केलेलंही पुन्हा रद्द करता येतं.” तिने नाक पुसलं. “पण आधी सांग, नक्की किती उशीर होतो?”

“मीट डोळे.”

तिने मिटले. बस आली, दार उघडलं, माणसं चढली, दार बंद झालं, बस निघाली.

“आत्ता,” भाऊ म्हणाला. “आत्ता बोलायचा तुझा आवाज.”

ताईने डोळे उघडले. त्यांचीच बस होती, वळणापाशी पोचलेली.